औषधांवर पाळत ठेवणारे शेजारी

एकाही औषधावर विश्वास नसलेला माणूस दवाखान्याच्या अतिदक्षता विभागाचा मोठा डॉक्टर होऊ शकतो, हे आमच्या शेजाऱ्यांना पाहिल्याशिवाय कुणाला पटणार नाही. आम्ही कोल्हापूरकर पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. हे गृहस्थ त्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं वदवून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी काकांना त्यांनी विचारलं, "पावणं, बीपीची कुठली गोळी चालू हाय? पाय सुजत्यात न्हवं?" काका घास हातात धरून स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. पाय खरंच सुजले होते. घरी तर त्यांच्या बायकोला डोकेदुखीची अर्धी गोळीसुद्धा चोरून घ्यावी लागते. कुणी हसलं की म्हणतात, "औषध ज्या कामाला आलंय ते करतंयच की. पण मागच्या दारानं सैपाकघरात शिरून काय करतंय, ते बघाय नको?"

मीही हसायचो. मग गेल्या वर्षी कबनूरला यंत्रमागावर काम करताना माझ्या धाकट्या भावाला आकडी आली. एक थांबेपर्यंत दुसरी. त्याला आम्ही यांच्याच विभागात आणलं, पण नेमके हे लेकीकडे पुण्याला गेलेले. तिथल्या डॉक्टरांनी औषध देऊन आकडी थांबवली आणि आम्ही देवीला नारळ फोडून मोकळे झालो. भाऊ मात्र डोळे उघडेना. चौथ्या दिवशी डॉक्टर खालच्या आवाजात मेंदूला इजा झाली असावी म्हणाले. नळीतून द्यायची पातळ पेज घरून आणायला परवानगी होती. आई त्या पेजेत गुपचूप अळणी मिसळायची, म्हणजे तिखट पडण्याआधीचं मटणाचं पाणी, फडक्यातून चारदा गाळून. आजाऱ्याला अळणी पाजायची नाही, हे आमच्याकडे कुठल्या आईला जमणार?

पाचव्या दिवशी शेजारी स्टँडवरून थेट आले, हातातली बॅगसुद्धा न ठेवता. भावाला तपासलं, औषधांचा कागद वाचला आणि मग डबा उघडून वास घेतला.

"मावशी, अळणी?"

आईचं तोंड उतरलं. त्यांनी लगेच रक्तातला अमोनिया तपासायला सांगितला. तो भलताच वाढलेला निघाला. त्यांनी मला समजावलं, की आकडीचं हे औषध कधीकधी शरीराचं अमोनिया बाहेर टाकायचं काम अडवतं, तो रक्तात साठतो आणि माणूस गुंगीत जातो. यकृताच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या येतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. मटणाच्या पाण्यातल्या प्रथिनांनी त्यात थोडी भर पडते, इतकंच. त्यांनी औषध बदललं, अळणी बंद केली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भावानं डोळे उघडून पाणी मागितलं.

आई बाहेर बाकावर रडत होती. "मीच पोराला इख घातलं," एवढंच म्हणत होती.

"गप बसा, मावशी," ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले. "चूक औषधाची, आन् पाच दिस न बघणाऱ्या आमची. अळणीला कुणी बोलायचं न्हाय. पोरगं घरी गेलं की मलाबी एक वाटी आणा!"

त्या माउलीला त्यांनी जन्मभराच्या ओझ्यातून तिथल्या तिथे सोडवलं. मी पाया पडायला वाकलो, तर मागे सरकले. "माझी नोकरी नवी हुती तवा एक पेशंट असाच झोपला हुता," ते अगदी हळू म्हणाले. "आकडी थांबली म्हणून मीबी खूश हुतो. अमोनियाचं मला सुचलं, तवर उशीर झालता. त्यो उठलाच न्हाय."

भाऊ आता कामावर जातो, आईशी भांडतो, भाजीला नावं ठेवतो. शेजाऱ्यांचे उपकार आम्ही रोज आठवतो. पण त्यांच्याबरोबर मी आणखी एकाला मनातल्या मनात हात जोडतो. त्याच्यामुळे आमचा भाऊ उठला, आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नाही.