बारशाच्या संध्याकाळचं ताट

गिरण्यांचा संप झाला आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीतले निम्मे पुरुष घरी बसले. धाकटा दीर त्यातलाच. शेजारणीनं त्याच्यावर विनयभंगाची तक्रार केली, तेव्हा मला नवल वाटलं ते एवढंच, की ती चौकीपर्यंत गेली. चाळीमागच्या बोळात, नळाजवळ, त्यानं तिला धरलं होतं. ती औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, एकटी राहायची, आणि त्या मजल्यावर माझी विचारपूस करणारं तेवढंच एक माणूस होतं.

आमचा वकील गोड बोलायचा. "असल्या केसमध्ये बाईचं चारित्र्य काढतात, नाहीतर जुनं भांडण दाखवतात," तो म्हणाला. "नळावरचं भांडण आईंनी सांगावं. पण सगळ्यात पक्का बचाव म्हणजे आरोपी तिथं नव्हताच. त्या वेळी तुम्ही दिराला जेवायला वाढत होतात. बरोबर ना, वहिनी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावर बारशाला गेल्या होत्या, त्यांनी म्हटलेला पाळणा अख्ख्या चाळीनं ऐकला होता. आमचे हे कामावर, दुसऱ्या पाळीला. उरले मी.

आणि मी तर त्या दिवशी बाजूला बसले होते. आमच्याकडे पाळीचं फार कडक. चार दिवस गॅलरीच्या टोकाला, किंतानाच्या पडद्यामागे बसायचं. चुलीला, ताटाला, माणसाला हात लावायचा नाही. शेजारीण न सांगता माझी कळशी भरून आणायची. त्याही संध्याकाळी आणून ठेवली आणि स्वतःची भरायला पुन्हा नळावर गेली. दीर घरात नव्हता. तो माझ्यासमोरूनच जिना चढून आला, तेव्हा बारशाच्या बायका घुगऱ्या घेऊन परतत होत्या.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते शर्टाची बटणं काढत म्हणाले, "वकिलाला काय हे सांगू? जरा तरी लाज ठेव. आणि तो आत गेला तर आईचं काय होईल?"

मग रोज माझी उजळणी सुरू झाली. सासूबाई कांदा चिरता चिरता विचारायच्या, "काय वाढलंस?" मी म्हणायची, भात आणि कुळथाची पिठी. "मागून काय मागल्यान?" मी म्हणायची, भात. दीर कॉटवर पडून ऐकायचा आणि हसायचा. त्याचं थोबाड फोडावंसं वाटायचं. पण जाणार कुठे? वडील गेलेले, आणि भावानं पत्रातून कळवलं होतं की तुझं घर तू सांभाळ. भिंतीपलीकडे शेजारणीचा स्टोव्ह फरफरायचा. समोर आली की ती काही विचारायची नाही, नुसती बाजूला होऊन वाट द्यायची. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साक्षीच्या दिवशी आधी सासूबाईंना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. शपथ घेऊन भात आणि पिठी सांगायची की खरं सांगून रस्त्यावर यायचं, हे माझं मलाच अजून ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात हे बाहेर आले. चेहरा उतरलेला. आत काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. सासूबाईंनी नळाचं भांडण झकास रंगवलं होतं. मग सरकारी वकिलानं सहज विचारलं, "आजी, बारशाला सगळी चाळ होती. तुमची सून नाही दिसली ती?"

आणि सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "ती भायर हुती. तशी बारशाक येतली कशी? आमच्या घरात असला चालणा नाय."

"मग त्या संध्याकाळी ती चुलीला, ताटाला शिवली नसेल?"

"शिवात कशी?"

पोरासाठी त्या काहीही खोटं बोलल्या असत्या, पण आपल्या घरात विटाळ झाला असं चारचौघांत त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आमच्या वकिलानं चष्मा पुसला आणि माझी साक्ष सोडून दिली. मला बाकावरच रडू फुटलं. ह्यांना वाटलं, दिरासाठी रडते आहे.

दिराला शिक्षा झाली. अपील केलं, आणि तो जामिनावर घरी आला. शेजारीण खोली सोडून गोवंडीला बहिणीकडे गेली. माझी आणि तिची भेट झाली नाही.

पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखी चटई घेऊन पडद्यामागे निघाले, तर सासूबाईंनी दारात अडवलं. "ह्या भायर बसण्यानंच घर बुडाला. आता बसूचा नाय. भात टाक जा."

पडद्यामागचे ते चार दिवस तेवढे माझे होते, तेही गेले. पोटात कळा येत होत्या. मी भात टाकला, पिठी केली. दीर पाटावर येऊन बसला. मी त्याचं ताट वाढलं. त्यानं मागून भात मागितला, तोही वाढला.