लाल दिसलं की मार

तिवस्याचं शेत मक्त्यानं दिलं आणि आई अमरावतीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मला वाटलं, सुटली बाई शेतीतून. पण अकोल्याच्या मावशीनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, तिला मोबाइलमध्ये शेतीचा एक गेम लावून दिला. पेरा, पाणी द्या, अळ्या मारा, पीक काढा. रोज दुपारी मावशीचा फोन यायचा आणि दोघी एकमेकींच्या पऱ्हाटीची, म्हणजे मोबाइलमधल्या कपाशीची, अशी काही विचारपूस करायच्या की ऐकणाऱ्यानं गाडी काढून वेचणीला जावं. फक्त मावशीची लेव्हल कायम पुढे. ते आईला खुपत होतं.

"बोटं दुखते रे माही," ती म्हणाली. "तू पोट्ट्यायले कॉम्प्युटर शिकवतं ना? मंग लावून दे ना एखादं यंत्र. आन मावशीले सांगू नोको."

मी एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. मला तो येतो असं मी कुठंच म्हटलेलं नाही. पण आईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाकडे काही मागितलं होतं, छाती फुगणारच.

गेम खेळणारा बॉट म्हणजे फार अकलेचं काम नसतं. तो स्क्रीनचा फोटो घेतो, कोणता रंग कुठे आहे ते बघतो, तिथे टच करतो. पुन्हा फोटो, पुन्हा टच. त्याला ना पऱ्हाटी कळते ना अळी, कळतो तो रंग. मी शिकवलं: पिवळं दिसलं की काढ, लाल दिसलं की मार. पहिल्याच दिवशी तो आईचा लाल ट्रॅक्टर मारत बसला. ट्रॅक्टर मरेना, बॉट थांबेना. मग मी सुधारणा केली: गोल लाल असेल तरच मार. कंपनीला संशय येऊ नये म्हणून मधूनमधून उगाच रेंगाळायलाही शिकवलं. हा एक गुण त्यानं बापाकडून चटकन उचलला.

आई फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरात तूर निवडत बसायची आणि इकडे लेव्हल चढत जायची. बघता बघता ती मावशीच्या पुढे गेली. आणि त्याच दिवसांत मावशीचा फोन यायचा बंद झाला.

"जळते माह्यावर," आई म्हणाली.

"मग तूच लाव ना."

"मी काहून लावू? थोरली ते हाय." पण ताटातली भाकर अर्धी राहायला लागली. बोलायला तिला ही एकच बहीण.

आणि एक दिवस ऐन तासाला मावशीचा मलाच फोन. "तुह्या मायले सांगजो, लेव्हल वाढली मनून बहिणीचा फोन काटते का? रोज काटते! वाजला नाही का काटला!"

घरी येऊन मी आईचा मोबाइल समोर ठेवला आणि माझ्या फोनवरून तिला फोन लावून बघितला. फोन आला की स्क्रीनवर वरून एक पट्टी येते. तिच्यात एक हिरवं बटण आणि एक लाल. गोल लाल. बॉट माझ्या सख्ख्या मावशीला रोज अळी समजून मारत होता.

"आता फोन लावून सांगू का, मी चोरी करून जितली मनून?" आई म्हणाली. "तू जा अकोल्याले. काही बी सांग. पण त्या बॉटचं नाव काढू नोको."

निघण्याआधी मी बॉट दुरुस्त केला. फोन आला तर आधी हिरवं दाब. स्वतःवरच खूश झालो.

मावशीनं पाणी दिलं, चहाचं नाव नाही. एसटीत जुळवलेल्या सगळ्या थापा त्या एका पेल्यात बुडाल्या आणि मी बॉटची सारी कथा ओकून टाकली. मावशी पदर तोंडाला लावून हसली.

"मंग मले बी टाकून दे. आन तुह्या मायले सांगू नोको."

मी दुरुस्त बॉट तिच्या फोनवर चढवला आणि फोन टेबलावर ठेवला. लगेच चहा आला. मावशी खुलली. "तुही माय लहानपणापासून चोट्टी हाय. सागरगोटे खेळताना फ्राकात गोटे लपवे."

चहाला जागून मी म्हणालो, "हाव मावशी, आई चोट्टीच हाय."

"कोन चोट्टं रे?" टेबल म्हणालं.

आईला राहवलं नव्हतं. तिनं तिकडचा बॉट बंद करून स्वतःच फोन लावला होता आणि इकडच्या बॉटनं इमानदारीनं हिरवं दाबलं होतं. तिच्या आवाजाला स्पीकर लागत नाही. मी काही बोलणार तोच पट्टीत उरलेलं गोल लाल बटण त्याला दिसलं आणि त्यानं माझ्या आईला मारलं.

पुन्हा फोन. हिरवं. "तुले पाठवलं कायले आन तू..." लाल.

हिरवं. "बहिणीपाशी मले..." लाल.

हिरवं. "ये तू घरी, मंग..." लाल.

"अरे बंद कर ते!" मावशी ओरडली. "बोलू दे ना तिले!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बॉट बंद केला, आणि मावशीनं फोन ओढून स्वतः लावला.

"काय वो, जेवली का?" ती म्हणाली. पलीकडून आईनं एकदम सुरुवात केली, आणि दोघी संध्याकाळ होईस्तोवर बोलत राहिल्या. विषय मी.

दोन्ही फोनमधले बॉट मी त्याच आठवड्यात काढले. तरी दुपारी आईनं मावशीला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"तूच उचलला ना वो?"

"मीच हाय. बोल. काय करून राहिलं ते बयताड पोट्टं तुहं?"