शकूताईंची तिरपी शिवण

शकुंतलाताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी ओली बाळंतीण होते. गोडादऱ्यातल्या कामगार वस्तीत आमची एक खोली. मी खानदेशी हिंदू घरातली, नवरा बौद्ध. त्याच शहरात, बमरोलीत राहणाऱ्या माझ्या आईनं लग्न झालं त्या दिवसापासून मला तोंड दाखवलं नव्हतं. सासूबाई हयात नव्हत्या. गिरणीच्या फाटकावर सभा गाजवणारी मी, लेकीला कुशीत घेऊन दाराकडे डोळे लावून बसले होते. आई येईल का, एवढाच विचार.

आल्या त्या ताई. जात विचारली नाही, दूध उतरलं का ते विचारलं. नवरा बाजूला उभा होता, त्याला म्हणाल्या, "पाहुण्यासारखे उभे काय राहता? बाप झालात ना? पाटावर बसा, पाय लांब करा." नवऱ्याच्याच पायांवर लेकीची पहिली आंघोळ झाली.

बाळंतिणीला आधार द्यायला जाणारीला आज शहरात डूला म्हणतात. ताई म्हणतात, सोबत. विधवा असो, बिनलग्नाची आई असो, दत्तक लेकरू आणलेलं जोडपं असो, ताई जातात. मातृत्वाचे गोडवे गाणारा आपला समाज बाळंतिणीला मात्र आधी तिचं कूळ विचारतो. मला त्याची चीड येते. ताई चिडत नाहीत, पाणी तापवायला ठेवतात.

बाळाची पहिली गोधडी दोन्ही आज्यांच्या जुन्या लुगड्यांची हवी, हा त्यांचा हट्ट. सासूबाईंचं लुगडं पेटीत होतं. आईचं आणायला ताई स्वतः बमरोलीला गेल्या. लेकराच्या गोधडीला नाही कोण म्हणणार? आईनं लुगडं दिलं, माझं नाव मात्र काढलं नाही. ताईंनी जाड, तिरप्या टाक्यांनी गोधडी शिवली आणि पुन्हा तिच्याकडे दाखवायला नेली.

"हाई काय टाका शेतस, बाई? पोरले टोचतीन," आई म्हणाली.

"मग तुम्हीच घाला. पण गोधडी तिथंच राहील, बाळापाशी."

दुसऱ्या दिवशी आई सुई-दोरा घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे पाठ केली. गोधडी उसवत बसली आणि लेक रडली तशी सुई बाजूला ठेवून तिनं तिला उचललं. तिरपी एक ओळ तेवढी तिनं तशीच राहू दिली. ताईंना शिवता येत नव्हतं, की त्यांनी मुद्दाम तसं शिवलं, हे विचारलं तर त्या आजही नुसत्या हसतात.

आई आता नाही. ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. माझी लेक हजीऱ्याजवळ राहते, तिला दिवस गेले आहेत. ताईंनी परवाच फोन करून मला बजावलं, "जुनी साडी काढून ठेवा."

काढून ठेवली आहे, ताई. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो. फक्त या गोधडीतही एक ओळ तिरपी घाला. ती मी उसवणार नाही.