मांजर ‘अहो’ म्हणालं

माझ्या सासू-सासऱ्यांचा अबोला म्हणजे मला दिवसभर पोस्टमनचं काम. देवळालीतलं आमचं घर ते केवढं! सासरे ओसरीवर, सासूबाई स्वयंपाकघरात आणि मधे मी. त्यांना सांग चहा झालाय, तिला सांग साखर कमी टाक. अहो, पाच पावलांवर तर बसलायत दोघं! माझे पाय काय भाड्यानं आणलेत? पण सांगते कुणाला.

कारण ऐकलंत तर हसाल. सासूबाईंचा भाऊ जेवायला आला होता, म्हणून त्यांनी हौसेनं हुलग्याचे शेंगोळे केले. आणि सासरे त्याच्यासमोर म्हणाले, शेंगोळे इतके घट्ट झालेत की गोठ्याची भिंत लिंपून घ्यावी. भाऊ खो-खो हसला. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला. चाळीस वर्षं रांधून घातलं आणि माहेरच्या माणसासमोर माझी लाज काढली, असं त्या मला म्हणाल्या, आणि तेव्हापासून सासऱ्यांशी तोंड बंद. महिना झाला. आता तर सोमवारी श्रीगोंद्याला लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, जायचं त्यांनी नक्की केलं होतं. परत कधी येणार विचारलं, तर म्हणाल्या, बघू. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

रविवारी संध्याकाळी टीव्हीचा आवाज गेला. चित्र दिसतंय, आवाज नाही. माझ्या पाच वर्षांच्या लेकीचं कुत्र्या-मांजराचं कार्टून नेमकं तेव्हाच लागलेलं. दोघं एका घरात राहतात; कुत्रा शिस्तीचा, मांजर डोक्यानं सरकलेलं. त्या दिवशी मांजर फ्रीजमध्ये बसून चंद्रावर निघालं होतं आणि कुत्रा त्याच्यामागे छत्री घेऊन. आवाज नाही म्हणून लेकीनं भोकाड पसरलं. मग तिनंच आजोबांना ओसरीवरून आणून टीव्हीपुढे बसवलं आणि हुकूम सोडला, कुत्र्याचं तुम्ही बोला, मांजराचं आजी बोलेल.

सासूबाई तिथंच मेथी निवडत होत्या. त्यांनी मला सांगितलं, मी बोलीन, पण त्या टीव्हीतल्या कुत्र्याशी, दुसऱ्या कुणाशी न्हाई. हाही निरोप मी पोचवला.

मग काय विचारता! चंद्रावर उतरल्या उतरल्या कुत्र्याला उसाला पाणी द्यायची काळजी लागली. मांजर म्हणालं, हितंबी मोटारीची लाईट रात्रीचीच असती, झोपा आता. कुत्र्यानं छत्री उघडली, तर मांजरानं त्याला विचारलं, लग्नाला निघालात काय? लेक जमिनीवर लोळत हसत होती आणि मी भिंतीला टेकले होते. ही दोघं इतकी वात्रट असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं. मात्र एकमेकांकडे बघतील तर शपथ.

तेवढ्यात टीव्हीतल्या मांजरानं बाथटबमध्ये काहीतरी उकळलं, झाडूनं ढवळलं आणि वाटी भरून कुत्र्यापुढे ठेवली. माझं हसू थांबलं. सासूबाईंचे हातही थांबले. मेथीकडे बघतच त्यांनी मांजराच्या बारीक आवाजात विचारलं, "कसं झालंय?"

चित्रात कुत्र्याचे कान गळून पडले, शेपटीनं पेट घेतला. सासरे कुत्र्याच्या आवाजात म्हणाले, "लई भारी झालंय. त्या दिवशीबी भारीच हुतं. पाव्हण्याला हसवायच्या नादात मी वंगाळ बोललो."

"अहो, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

महिन्याभरात हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. लेकीनं विचारलं, मांजर कुत्र्याला ‘अहो’ का म्हणतं? तिकडं कुत्र्याचं तोंड नुसतंच हलत होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. नंतर बोलले ते स्वतःच्या आवाजात. "श्रीगोंद्याला जाऊ नको. तू नसली की घर खायला उठतं मला."

माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी मेथीची टोपली बाजूला सारली आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"लेकीला शबूद दिलाय, जानार म्हंजे जानार. तुमीबी चला. चार दिस राहू आन् संगंच येऊ."