अध्यक्ष शेवटी बोलतो

आमच्या भागातल्या साहित्य संमेलनांत एक नियम कुणी मोडत नाही. अध्यक्ष शेवटी बोलतो. स्वागताध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे आणि पाहुण्यांनी सोबत आणलेले पाहुणे, असे सगळे बोलून होईपर्यंत अध्यक्षाने मधल्या खुर्चीत बसायचं आणि प्रत्येक शब्द मनात साठवून घेतोय असा चेहरा ठेवायचा. वीस वर्षं मी हे काम करतोय. चेहरा मला चांगला जमतो.

त्या शनिवारी पुण्याहून रातराणीने नांदेडला उतरलो आणि पाठ न टेकता कामाला लागलो. सकाळी एका शाळेचं बक्षीस वितरण, दुपारी एका जुन्या मित्राच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन, संध्याकाळी वाचनालयात व्याख्यान. रविवारी सकाळी नऊ वाजता एकदिवसीय संमेलनाचं उद्घाटन माझ्या अध्यक्षतेखाली, आणि दुपारी एक वाजता चाकूर तालुक्यातल्या माझ्या गावी माझाच सत्कार. नाही म्हणणं मला कधी आलंच नाही. बायको म्हणते, तुम्हाला कुणी दहाव्याला अध्यक्ष व्हा म्हटलं तरी तुम्ही आधी वेळ विचाराल. तिचं खरं आहे.

गावच्या सत्काराचं मला अप्रूप होतं, कारण गावात अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला गावातच दिलेली. मेहुणे गेले, भाचा ट्रकवर असतो, घरी अक्का आणि तिची सून. अक्काला साखरेचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं, ती त्याला सुई म्हणते. सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, एवढी एकच गोष्ट डॉक्टरांनी तिला बजावून सांगितली होती आणि ती तिने कधी चुकवली नव्हती.

भाऊबीजेला मी सहा वर्षांत गेलो नव्हतो. दर दिवाळीला काहीतरी निघायचंच, कधी दिवाळी अंकाचा समारंभ, कधी नुसता कंटाळा. "चंद्राला ओवाळलं बघ, तुज्या नावानं," ती फोनवर सांगायची, तक्रारीच्या सुरात नाही, घरातली एखादी बातमी सांगावी तसं. मीही हसून ऐकायचो. या वेळी गावकऱ्यांनी ठरवलं की फेटा सरपंच बांधतील, पण औक्षण अक्काच्या हातून करायचं. दोन दिवस आधी फोनवर मला ते कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आपलं गाव किती जाणतं आहे, असं मी बायकोला दोनदा सांगितलं.

भावाला ओवाळायचं ते उपाशीपोटी, ही आमच्या घरची रीत. भाऊबीजेला अक्का आधी ओवाळायची आणि मगच घास घ्यायची. पण सुई सुरू झाल्यापासून मी एकदाही भाऊबीजेला गेलो नव्हतो, त्यामुळे ती रीत आणि ती सुई एकाच सकाळी कधी समोरासमोर आल्या नव्हत्या. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

रविवारी नऊचं उद्घाटन साडेदहाला सुरू झालं. मंचावर आम्ही अकराजण होतो. पहिलं स्वागत संपत होतं तेवढ्यात फोन आला. टेबलाच्या आडोशाला वाकून मी घेतला. अक्काची सून होती.

"मामा, आत्याबाईनं आठाला सुई घेतली अन् जेवंनात. भावाला ओवाळल्याबिगर घास घेत न्हाई म्हणून राहिल्या. मी लई सांगितलं. पेढा दिला तर पदराला बांधून ठिवला. आता मांडवात जाऊन खुर्ची धरून बसल्यात. तुमी एकडाव बोला. तुमचंच ऐकतेत त्या."

"दे बरं तिच्याकडं."

"मी घरून बोलतेय. मांडवात जाऊन लावते, दोन मिनिटं थांबा."

"लाव, लाव," मी म्हणालो.

दोन मिनिटांनी फोन आला. त्याच वेळी उद्घाटकांनी माझं नाव घेतलं आणि माझ्याविषयी बोलायला सुरुवात केली. समोर तीनशे माणसं, फोटोग्राफर माझ्या चेहऱ्यावर रोखलेला. आणखी एक अडचण होती आणि ती माझी मीच करून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी वाचनालयात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन वाजला, तेव्हा मी भाषण थांबवून त्यांच्याकडे बघत राहिलो होतो. "आपलं होऊ द्या, साहित्य थांबेल," असं म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. ते गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसले होते. मी फोन कापला.

चार शब्द बोलायचे होते. अक्का, तू आधी जेव. उठून पडद्यामागे गेलो असतो तर लोकांना वाटलं असतं, लघवीला गेले असतील. अध्यक्षालाही लघवी लागते, एवढी सवलत आमच्या भागातले लोक देतात. मी उठलो नाही. "भाषण चालू आहे, नंतर करतो" असा निरोप पाठवला आणि फोनचा आवाज बंद केला. सून शहाणी आहे, भरवेल काहीतरी, असं मनाशी म्हटलं. अक्का हट्टी आहे हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्या खुर्चीत बसून मी ते सोयीने विसरलो.

संयोजकांना चिठ्ठी दिली: मला गावी पोचायचं आहे, आटपा. त्यांनी कानाशी येऊन हात जोडले. "सर, अध्यक्षाशिवाय समारोप कसा? फक्त दोन पाहुणे राहिलेत." दोन पाहुण्यांनी तास खाल्ला. त्यातल्या एकाने मराठवाड्याच्या मागासलेपणाला सुरुवात केली आणि तो निजामाच्याही मागे गेला. मी मनातल्या मनात दात-ओठ खात होतो, आणि चेहऱ्यावर सगळं साठवून घेत होतो.

माझा नंबर आला तेव्हा सव्वाबारा झाले होते. इथवर दोष दुसऱ्या कुणाला देता येतो. यापुढे नाही. मी पाच मिनिटांत संपवू शकत होतो, तसं ठरवूनच उठलो होतो. पण सभागृह गप्प झालं, लोक पुढे सरकून बसले, आणि मला ती जुनी चटक लागली. माझ्या भाषणात एक हुकमी भाग आहे. चौथीतून शाळा सोडलेल्या बहिणीने आपली पाटी धाकट्या भावाला दिली, त्याला कडेवर घेऊन ओढा ओलांडून शाळेत सोडलं आणि स्वतः खुरपायला गेली. हे सगळं खरं आहे. पण इतक्या वेळा सांगितलं आहे की कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा, हे मला पाठ झालंय. त्या दिवशी ते रंगलं. पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सदऱ्याच्या खिशात फोन थरथरत होता, मला बरगडीशी कळत होतं. मी पस्तीस मिनिटं बोललो.

फोटो, सह्या, हार. एक वाजता गाडीत बसलो आणि फोन काढला. सुनेचे अकरा फोन येऊन गेले होते. लावला तर ती रडत होती.

"घामानं चिंब झाल्यात, मामा. काय बी बोलून राहिल्या. मला वळखंनात."

"साखरेचं पाणी पाज!"

"पाजलं, गिळंनात! तोंडातून भाईर येतंय."

"कुणाची गाडी असेल ती घे आणि लातूरला ने. आत्ताच्या आत्ता. मी तिकडंच येतो."

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी ड्रायव्हरला ओरडत होतो आणि तो बिचारा ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत होता. देवाचं नाव मी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं, ते घेतलं, आणि घेताना स्वतःची शरम वाटली. गावाचा फाटा आला. तिथे माझा हात जोडलेला मोठा फोटो लावला होता, खाली "गावाचा अभिमान". ड्रायव्हरने वेग कमी करून विचारलं, "सर, हेच का?" मी सरळ चल म्हणालो.

लातूरच्या दवाखान्यात अक्का पलंगावर होती, हाताला सलाईन, डोळे अर्धवट उघडे. मी हाक मारली. डोळे हलले नाहीत. अंगावर तिने सत्कारासाठी नेसलेली हिरवी साडी होती, नवी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी पलंगाची दांडी धरून उभा राहिलो.

डॉक्टर तरुण होता आणि चिडलेला होता. "मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही. कितपत भरून येईल ते आत्ता सांगता येणार नाही. सुई घेऊन पाच-सहा तास उपाशी? घरात कुणाला कळलं नाही का? यांना कुणी जेवा म्हणालं नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. फेटा नसला तरी अंगावर शाल होती, घरातला कर्ता माणूस मीच दिसत होतो.

"मी नांदेडला होतो," मी म्हणालो. "मला निघाल्यावर कळलं."

सून पलंगाच्या पलीकडे उभी होती. फोन तिच्या हातात होता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिली. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काने डोळे उघडले. मला ओळखायला तिला आणखी एक दिवस लागला. सहाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. आता ती चालते, पण भिंत धरून. बोलताना मध्येच शब्द हरवतो आणि ती तो जिभेने शोधत बसते, लहान मूल शोधतं तसं. घरी आणलं त्या दिवशी अख्खं गाव भेटायला आलं. सरपंच दारातच रडले, आमच्या हौसेपायी झालं म्हणाले. अक्काने हात हलवून त्यांना गप्प केलं.

"माजं... माजंच चुकलं," ती म्हणाली. "त्याला कुटं ठाव व्हतं? ठाव असतं तर... भाषण टाकून पळत आला असता त्यो. व्हय का न्हाई गं?"

मी तिच्या पायाशी बसलो होतो. सून चहाचे कप घेऊन उभी होती.

"हाव, आत्याबाई," ती म्हणाली आणि पहिला कप माझ्यापुढे धरला.