मामांची मोठी क्रूझर

सौभाग्यवतींच्या मामांइतका आरमाराचा जाणकार अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतकी बोट लागणारा माणूसही झाला नाही. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत त्यांनी दुसऱ्यांनी आखलेल्या जहाजांचे नकाशे गिरवले. स्वातंत्र्यानंतर पेन्शन घेऊन श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत आले ते एकच इच्छा घेऊन: आपण आखलेलं काहीतरी एकदा पाण्यावर तरंगताना पाहायचं. तोवर ते जेवणाच्या पानावरच आरमार मांडत. भाताची मूद बॅटलशिप, मिरच्या डिस्ट्रॉयर आणि मधली शेवग्याची शेंग क्रूझर. "क्रूझरनं एकटीनं दूर जायचं, आपली व्यापारी जहाजं राखायची, शत्रूची गाठायची. दांडगा समोर आला तर पळता आलं पाहिजे, पळणारा दिसला तर हाणता आलं पाहिजे!" याच कसोटीवर त्यांनी मला भाचीसाठी पसंत केलं होतं. "हाणणार कुणालाच नाही, पण पळेल उत्तम," हा त्यांचा शेरा सासरी अजून माझ्या तोंडावर सांगतात.

त्यांचा खरा जीव मात्र मोठ्या क्रूझरवर. क्रूझरचीच शिकार करणारी क्रूझर! "अमेरिकेनं ती का बांधली? जपान तसलीच दांडगी बांधतोय अशी खबर आली म्हणून!" हे सांगताना मामा असे उसळत की शेंग माझ्या पानात येऊन पडे.

आणि एका उन्हाळ्यात तशीच खबर श्रीवर्धनात आली. खाडीपलीकडे कुणीतरी भल्यामोठ्या होडीच्या फासळ्या उभ्या राहिलेल्या पाहिल्या. ती पाण्यात उतरली की मासळी आधी त्यांचीच बाजारात पोचणार! आमच्या कोळीवाड्यातला धर्मा नाखवा नवी होडी बांधणारच होता. तो हादरला आणि मामा नकाशाची सुरळी घेऊन कोळीवाड्यात धावले. होडी लांब, अरुंद, शीड दुप्पट. मी रजेवर गेलो होतो, म्हणून माझ्याकडे मापाची फीत धरायचं काम आलं. मी ती उलटी धरली. पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे मामांनी कधीच काढलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. तरंगली! मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून एकाच वेळी रडत-हसत होते. शिडात वारा भरला आणि ती अशी सुटली की सगळा कोळीवाडा ओरडत किनाऱ्यानं पळू लागला.

"मामा, ही वलत न्हाय!" धर्मा ओरडला.

"अमेरिकेचीही धड वळत नसे!" मामा आनंदानं ओरडले.

न वळता ती थेट पलीकडच्या किनाऱ्याला लागली. तासाभरानं तिकडच्या लोकांनी ढकलून, फिरवून पाठवलेली परत आली. धर्मा उडी टाकून मामांपुढे उभा राहिला.

"मामा, तिथं होरी न्हाय. गुरांचा गोठा हाय! जुन्या मचव्याच्या फासल्या लावल्यात छपराला."

मामा ओल्या वाळूत बसले. मग म्हणाले, "जपाननंही बांधलीच नव्हती, धर्मा."

"मंग त्या अमेरिकेच्या होरीनं काय केलं?"

"शिकारच नव्हती. दुसऱ्या जहाजांची सोबत केली."

"मंग आपन बी सोबत करू," धर्मा म्हणाला, जसं काही ठरलेलंच होतं.

तेव्हापासून ती होडी पलीकडे नवऱ्या मुली पोचवी, आजारी माणसं पोचवी. सरळ जाण्यात तिला तोड नव्हती. मामा प्रत्येक फेरीला किनाऱ्यावरून छत्री हलवत. आत मात्र कधी बसले नाहीत.

बसले ते एकदाच, आम्ही हरिहरेश्वरला अस्थी नेल्या तेव्हा, माझ्या मांडीवरच्या कलशात. विसर्जन झालं. धर्मानं परतायला सुकाणू फिरवलं. होडी वळायला फार वेळ लागला. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.