भाऊच्या पिल्लाला दिलेला घास

माझा थोरला भाऊ लढाईवरून परत आला तो डोळे गमावूनच. दोंडाईच्याच्या स्टेशनावर मी त्याचा हात धरला, तर त्याने झटकला. घरी आल्यावरही त्याचं एकच, कुणाचा हात धरून मला जगायचं नाही. दोनदा एकटाच विहिरीकडे निघाला होता, हेही सांगून टाकते.

धुळ्याला फौजेतले एक निवृत्त डॉक्टर होते. आंधळ्या शिपायांना वाट दाखवणारी कुत्री त्यांनी विलायतेत पाहिली होती. आपल्या कुत्रीचं एक पिल्लू त्यांनी मला वर्षभर सांभाळायला दिलं. वर्षाने ते पारखणार, पसंत पडलं तर भाऊसाठी स्वतः शिकवून तयार करणार. नियम कागदावर लिहून दिले. मारायचं नाही, रोज गोचीड काढायचे, तापलेल्या फुफाट्यात चालवायचं नाही, बाजारात हिंडवून गर्दीची सवय लावायची. आणि खाणं फक्त त्याच्या थाळीत, दोन वेळा, एकाच हातून. या शेवटच्या नियमाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

बाकीचं मी जीव ओतून केलं. पण आमच्या गल्लीत जेवायच्या आधी कुत्र्याचा घास काढतात. त्यात पिल्लू आंधळ्या भाऊचं म्हटल्यावर साऱ्या बायांना पुण्याची घाई झाली. ते दिसलं की हाक मारून तुकडा द्यायच्या. शेजारची अक्का तर भाकरीला तूप चोपडायची, भाऊची दृष्टी परत यावी म्हणून. एरवी माझी जीभ काही कमी तिखट नव्हती, तिथे मात्र बसली गप्प. खरं म्हणजे मीही द्यायचे. कोण जाणे, येतीलही डोळे, असं वेड्यासारखं वाटायचं.

वर्षाने डॉक्टर आले. भाऊ दाढी करून, धुतलेली टोपी घालून तयार होता. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, डॉक्टर म्हणाले. भाऊने पट्टा धरला. पिल्लू पहिल्याच घरी वळलं आणि उंबऱ्याशी बसलं. मग समोरच्या घरी. मग अक्काच्या. ओट्याच्या दगडावर भाऊचा गुडघा फुटला. अक्का सवयीने भाकरी घेऊन बाहेर आली, आणि भाऊला तुपाचा वास आला.

"मी आंधया शे अक्का," तो म्हणाला. "भिकारी नही."

ही खोड आता मोडायची नाही, असं सांगून डॉक्टर पिल्लू घेऊन गेले. दुसरं पिल्लू त्यांच्याकडे नव्हतं.

मी भाऊच्या गुडघ्याला हळद लावायला बसले. तो म्हणाला, "तू बी दिधा का घास?"

हो म्हटलं. तुझ्यासाठीच दिला, हेही म्हटलं, आणि म्हणताना मला माझीच चीड आली. त्याने पाय मागे घेतला. माझी हळद मी लावतो म्हणाला आणि जमीन चाचपत वाटी शोधू लागला. वाटी त्याच्या हातापासून दोन बोटं लांब होती. ती पुढे सरकवायची माझी हिंमत झाली नाही.